हाली, कलदार आणि बट्टा : विनिमयदराच्या भाषेविषयी काही विचार

दोन चलनांमधील विनिमयदर हा अर्थशास्त्राचा विषय असून भाषाभ्यासकाने त्यात पडण्याचे प्रयोजन नाही, असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. प्रस्तुत लेखकास तो मान्य नाही. दर हे एक वाक्यच असते. त्यात एक चलन उद्देश्य म्हणून येते व दुसऱ्याने त्याचे माप सांगितले जाते. हे वाक्य कोणत्या बाजूने उच्चारले गेले याचा विचार न करता त्यातील आकडा तेवढा उचलला, की इतिहासलेखनात दोष शिरलाच म्हणून समजावे.

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातील जुन्या व्यापारी वह्यांवर आधारलेल्या एका प्रबंधाचे हस्तलिखित भाषिक तपासणीसाठी मजकडे आले होते. त्यात एका वर्षाच्या जमेपैकी १४०० रुपये हाली व ६०० रुपये कलदार होते; प्रबंधकाराने खाली बेरीज मांडली होती २००० रुपये. सहा कलदारांस सात हाली हा सरकारी दर धरला, तर ही जमा कलदारांत १८०० आणि हालीत २१०० होते. २००० हा आकडा कोणत्याच चलनात खरा नाही. दोष एकट्या प्रबंधकाराचा नव्हे. शब्दार्थसूचीत 'कलदार' आणि 'हाली' या दोहोंपुढे 'रुपया' एवढाच अर्थ दिलेला होता. आणि अशी एक सूची पूर्वी मीही केलेली आहे, हे येथे कबूल केले पाहिजे.

या दोन शब्दांकडे जरा निरखून पाहण्याजोगे आहे. निजामाच्या राज्यास स्वतःचे चलन चालविण्याची मुभा होती, व औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद या मराठी जिल्ह्यांतून 'हाली सिक्का' चाले. 'हाली' म्हणजे सध्याचा, प्रचलित. आपला रोजच्या बोलण्यातला 'हल्ली' त्याच घराण्यातला. इंग्रजी हद्दीतला रुपया तो कलदार, म्हणजे कळीवर, यंत्रावर पाडलेला. एका नाण्याचे नाव काळावरून पडले, दुसऱ्याचे घडणीवरून. विसाव्या शतकाच्या प्रारंभी चारमिनाराचे चित्र असलेला हाली रुपयाही यंत्रावरच पडू लागला. म्हणजे शब्दार्थाने पाहता तोही कलदारच झाला. परंतु लोकांनी ते नाव त्यास दिले नाही. तोपर्यंत 'कलदार' हे घडणीचे वर्णन राहिले नव्हते. ते पलीकडच्या सत्तेच्या नाण्याचे नाव होऊन बसले होते.

आता दराचे वाक्य पाहू. तो बहुधा असा सांगितला जाई : शंभर कलदारांस एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली. येथे शंभराचे पूर्णत्व कलदाराकडे आहे आणि आणेपैंची गैरसोय हालीकडे. उलट बाजूने सांगितले असते, तर शंभर हालींस सुमारे पंच्याऐंशी रुपये साडेअकरा आणे कलदार असे म्हणावे लागले असते. दोहोंतील गणित एकच, पण पहिल्यात अंतर सहाव्या हिश्श्याचे दिसते आणि दुसऱ्यात सातव्या. ज्याचा सारा हालीत भरावयाचा व ज्याचा माल सोलापूरच्या पेठेत कलदारांत विकावयाचा, अशा सीमेवरच्या कुळास हा फरक व्याकरणाचा वाटला नसेल.

या फरकास आपल्या सराफी परिभाषेत 'बट्टा' म्हणत. पेशवाईतील पुण्यातही अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे नाना रुपये येत व त्यांवर बट्टा घेतला जाई. हाच शब्द 'नावाला बट्टा लागणे' या प्रयोगात कलंकाच्या अर्थी येतो. म्हणजे बट्टा म्हटले की कोणते नाणे उणे ठरले व तूट कोणी सोसली, हे त्या शब्दातच आले. 'विनिमयदर' ही आपण घडविलेली संज्ञा निर्दोष आहे. पण ती दोन्ही नाण्यांना एका पंगतीत बसविते. शास्त्रीय लेखनात ती वापरण्यास माझी हरकत नाही. जुन्या कागदांचा अर्थ लावताना मात्र 'बट्टा' काढून 'विनिमयदर' घालणे म्हणजे पुराव्याचा एक भाग पुसून टाकणे होय.

वाक्याची दिशा बदलल्याने होणारा घोटाळा रुपया आणि पौंड यांच्या इतिहासातही आढळतो, आणि तेथे तो अधिक फसवा आहे. त्या वेळी दर रुपयाकडून सांगत : एक रुपया म्हणजे इतके पेन्स. १९२६-२७ च्या वादात सरकारपक्ष अठरा पेन्सांचा होता; सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी चलन आयोगाच्या अहवालास भिन्नमतपत्रिका जोडून सोळा पेन्सांचा आग्रह धरला. आज आपण डॉलरकडून बोलतो : एका डॉलरला इतके रुपये. आकडा वाढला की रुपया घसरला, ही आपली सवय. त्या सवयीने वाचणारा विद्यार्थी सोळाच्या पक्षास महाग रुपयाचा कैवारी समजतो. वस्तुतः सोळा पेन्सांनी पौंडास १५ रुपये पडत आणि अठरांनी १३ रुपये ५ आणे ४ पै. निर्यात करणाऱ्यास व आयात मालाशी झुंजणाऱ्या गिरणीवाल्यास पहिला दर सोयीचा होता. १९२७ च्या कायद्याने दुसरा कायम झाला.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो वजनदार आहे. डॉ. आंबेडकरांनी १९२३ मधील आपल्या रुपयाविषयीच्या ग्रंथात, परकी चलनाशी असलेले प्रमाण स्थिर ठेवण्यापेक्षा रुपयाची देशातील क्रयशक्ती स्थिर राहणे महत्त्वाचे, अशी भूमिका घेतली. त्या दृष्टीने पाहता सहास सात हा दर कोणत्याही बाजूने वाचला, तरी बीडच्या बाजारात एका हालीस किती ज्वारी येई हे त्यावरून कळत नाही. हे खरेच आहे. त्यासाठी भावांच्या नोंदी पाहाव्या लागतील. परंतु त्या नोंदीही हालीत आहेत की कलदारांत, हे आधी ठरवावे लागेलच.

१९४८ नंतरही काही वर्षे दोन्ही नाणी शेजारी शेजारी चालली; हाली पूर्णतः बाद झाला तो १९५९ मध्ये. तेव्हा निदान तोवरच्या मराठवाड्यातील कागदपत्रे छापताना संपादकांनी मूळ शब्द जसाच्या तसा ठेवावा, रूपांतर करावयाचे तर कंसात करावे, आणि जेथे नुसते 'रुपये' लिहिलेले असेल तेथे तसे स्पष्ट नमूद करावे. उपरोक्त प्रबंधकाराने हे मान्य केले; मात्र त्यापायी त्यास साऱ्या बेरजा नव्याने कराव्या लागल्या, आणि त्याच्या एका प्रकरणाचा निष्कर्ष उलटा झाला.