पॅकेज काढून टाकण्यावर पीएचडी? डोल्स्ट्रा यांचा प्रबंध वाचताना

"संशोधनाला विषय कसा शोधायचा?" असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. आज त्यासाठी एक प्रबंध घेऊ. एल्को डोल्स्ट्रा यांनी 2006 मध्ये नेदरलँड्सच्या उट्रेख्ट विद्यापीठात तो सादर केला. विषय काय, तर सॉफ्टवेअर इन्स्टॉल करणं आणि काढणं. निक्स हा पॅकेज मॅनेजर याच कामातून आला.

उबुंटूवर आपण काय करतो बघा. एप्ट रिमूव्ह केलं की प्रोग्रॅम जातो, पण सिस्टिमच्या सेटिंग फाइल्स राहतात. त्यांच्यासाठी पर्ज. सोबत आलेल्या लायब्ररींसाठी ऑटोरिमूव्ह. एवढं करूनही होम फोल्डरमधल्या लपलेल्या फाइल्स तशाच. आपण याला कटकट म्हणतो आणि पुढे जातो. डोल्स्ट्रा यांनी विचारलं, ही कटकट नेमकी कोणत्या जातीची आहे?

त्यांचं उत्तर मला फार आवडतं: ही मेमरी सांभाळण्याचीच समस्या आहे. प्रोग्रॅमला लायब्ररी लागते म्हणजे त्याच्याकडे तिचा पॉइंटर असतो. लायब्ररी काढली आणि प्रोग्रॅम राहिला, तर तो डँगलिंग पॉइंटर. सी शिकलेल्या कोणालाही हे लगेच कळेल. एकदा हे मान्य केलं की उपायही तिथलेच उचलता येतात. निक्समध्ये प्रत्येक पॅकेजला स्वतंत्र फोल्डर मिळतो, आणि त्याच्या नावात 32 अक्षरांचा हॅश असतो. सोर्स, कंपायलर, बिल्ड स्क्रिप्ट, सगळं धरून काढलेला. यातलं काहीही बदललं की हॅश बदलतो, नवा फोल्डर होतो, जुन्याला धक्का लागत नाही. कोणाला काय लागतं हे शोधायला तयार फाइल्समध्ये चक्क हे हॅश शोधले जातात. ज्याच्याकडे कोणाचंच बोट नाही, ते गार्बेज कलेक्टर उचलतो.

आता खटकलेल्या गोष्टी. हॅश एखाद्या कॉम्प्रेस केलेल्या फाइलमध्ये दडला तर तो सापडणार नाही. म्हणजे इथे गणिती हमी नाही, अनुभवाचा भरवसा आहे. मला तो चालतो. जीलिबसीसारख्या मुळाच्या लायब्ररीत सुरक्षेची दुरुस्ती आली की तिच्यावर उभं असलेलं सगळं पुन्हा बिल्ड होतं. प्रबंधातला बायनरी पॅचचा उपाय डाउनलोड कमी करतो, बिल्डचं ओझं नाही.

खरी अडचण मात्र डेटाची. निक्समध्ये मागच्या आवृत्तीवर एका कमांडने परत जाता येतं, पण नव्या आवृत्तीने तुमच्या डेटाबेसचा फॉरमॅट आधीच बदलला असेल तर? प्रोग्रॅम मागे आला, डेटा पुढेच राहिला. होम फोल्डरचंही तसंच. बदलत न जाणाऱ्या वस्तूंसाठी हे मॉडेल देखणं आहे. पण वापरणाऱ्याची तक्रार बरेचदा बदलत जाणाऱ्या वस्तूंचीच असते, आणि नेमक्या त्या चौकटीबाहेर राहतात. माझ्या मते ही मर्यादा रिबिल्डच्या खर्चापेक्षा मोठी आहे, कारण रिबिल्डला जास्त मशीन लावता येतात, इथे मॉडेलच वाढवावं लागेल.

प्रबंध जाडजूड आहे. प्रस्तावना आणि मेमरीच्या तुलनेचं प्रकरण आधी वाचा, औपचारिक व्याख्या नंतर. आणि वाचताना निक्स उबुंटूवर टाकून बघा. त्याचा संसार वेगळ्या फोल्डरमध्ये असतो, एप्टच्या पॅकेजेसना तो हात लावत नाही.