स्वभक्षणाचा खरा अर्थ

शास्त्रीय निबंधाचें परीक्षण वाङ्मयीन मासिकांत कशास, असें कांहीं वाचक विचारतील. त्यांस उत्तर इतकेंच कीं, ज्या लेखनानें एका शब्दाचा अर्थ पालटला, तें लेखन वाङ्मयविचाराच्या कक्षेबाहेरचें मानतां येत नाहीं. मिकी त्सुकादा व योशिनोरी ओसुमी या जपानी संशोधकांचा, ‘फेब्स लेटर्स’ या पत्रिकेंत १९९३ सालीं प्रसिद्ध झालेला निबंध या कोटींतील आहे.

‘ऑटोफॅजी’ म्हणजे स्वभक्षण. हा शब्द १९६३ सालीं क्रिश्चन द दूव्ह यांनीं रूढ केला. पेशी आपलेच घटक पिशवींत गुंडाळून पचविते, एवढें दिसलें होतें. तें कोणत्या जनुकांच्या आज्ञेनें घडतें, हें मात्र पुढें सुमारें तीस वर्षें अंधारांतच राहिलें.

ओसुमी यांनीं या कामीं यीस्टची निवड केली, हीच पहिली मार्मिकता. यीस्टच्या पेशींत रिक्तिका नांवाची मोठी पोकळी असते. तींत आलेलें द्रव्य इतक्या त्वरेनें पचतें कीं, पाहणाऱ्याच्या हातीं कांहींच लागत नाहीं. म्हणून त्यांनीं पाचक द्रव्यें नसलेला वाण घेऊन त्यास नत्रावांचून उपाशी ठेविलें. पचन थांबलें, पण आवक थांबली नाहीं. कांहीं तासांतच रिक्तिका गोलकांनीं भरली, व तें साध्या सूक्ष्मदर्शकांतून दिसलें. हा १९९२ सालचा पूर्वरंग.

प्रस्तुत निबंधांत रसायनानें जनुकें बिघडवून, ज्यांत असे गोलक सांचत नाहींत असा एक वाण प्रथम निवडला आहे. अन्न मुबलक असतां तो निकोप वाढतो. नत्राचा दुष्काळ पडतांच मात्र इतरांच्या आधीं मरतो. येथें लेखकांची खरी प्रतिभा दिसते. त्यांनीं या मरणाचीच चाळणी केली. उपासांत लवकर मरणारे वाण आधीं वेंचले, मग त्यांतून स्वभक्षण न करणारे निवडले. असे आणखी ७५ वाण मिळाले व त्यांचे १५ गट पडले. म्हणजे १५ निरनिराळीं जनुकें.

या निष्कर्षाचें मर्म असें कीं, उपासांत स्वतःस खाणारी पेशी तगते, न खाणारी मरते. नांवांत आत्मनाशाची छाया आहे, कृतींत आत्मरक्षण आहे. जुनीं प्रथिनें मोडून त्यांतील द्रव्य नव्या बांधणीस देणें हा काटकसरीचा संसार होय. त्यास भक्षण म्हणणें म्हणजे जुनें सोनें आटवून नवा दागिना घडविणाऱ्यास उधळ्या म्हणण्यासारखें आहे.

पद्धतींत उणीव नाहीं असें नव्हे. जीं जनुकें सुस्थितींतहि जगण्यास अवश्य आहेत, तीं निकामी झाल्यास पेशी वाढावयाचीच नाहीं. अर्थात् तीं या चाळणीबाहेर राहतात. ज्यांचें काम दुसरें जनुक सावरून घेतें, तींहि निसटतात. आज अशीं ४० हून अधिक जनुकें ज्ञात आहेत. तथापि लेखकांनीं आपलें विधान पुराव्यापुढें नेलें नाहीं, हा त्यांचा मोठा गुण.

पुढील विवेचकांत तो गुण फारसा उतरला नाहीं. २०१६ सालीं ओसुमी यांस नोबेल पारितोषिक मिळाल्यावर, उपवासानें मनुष्य नवा होतो, असा उपदेश त्यांच्या नांवावर खपूं लागला. यीस्टमधील यांपैकीं अनेक जनुकांचीं प्रतिरूपें मानवी पेशींत आहेत, हें खरें. परंतु नत्रावांचून ठेविलेल्या एकपेशी जीवाच्या जगण्यावरून मनुष्याच्या उपवासाचें फल ठरवितां येत नाहीं. या निबंधाचा आधार घेणाऱ्यानें तो आधीं वाचावा. तो अवघा सहा पानांचा आहे. आणि त्यांत जें म्हटलेलें नाहीं, तेंहि तितकेंच शिकण्यासारखें आहे.