‘बोलण्याचा उपचार’ : अन्ना ओ.च्या वृत्तांताची समीक्षा

मनोविश्लेषणाला आत्मशोधाचा मार्ग मानणारे बहुधा अन्ना ओ.च्या वृत्तांतापासून आरंभ करतात. ब्रॉयर व फ्रॉइड यांच्या १८९५ मधील हिस्टेरियाविषयक ग्रंथात तो ब्रॉयर यांनी लिहिला आहे. व्हिएन्नातील ही तरुणी आजारात जर्मन मातृभाषा गमावून इंग्रजीच बोलू लागली. ‘बोलण्याचा उपचार’ हे नावही तिनेच इंग्रजीत दिले. वृत्तांतात मात्र तिचे बोलणे ब्रॉयर यांच्या जर्मन गद्यात, तृतीय पुरुषात येते. बोलली ती, कथा सांगितली चिकित्सकाने.

ही कथा रोगमुक्तीत संपते. पूर्ण समतोल येण्यास काही काळ लागला, एवढेच ब्रॉयर नमूद करतात. या मोघम शब्दांआड काय होते, हे एलेनबर्गर यांनी १९७२ मध्ये दाखविले : जुलै १८८२ मध्येच तिला स्वित्झर्लंडमधील क्रॉइत्सलिंगेन येथील आरोग्यभवनात दाखल करावे लागले होते.

तथापि, एवढ्यावरून उपचार निष्फळ म्हणणेही घाईचे ठरेल. ही स्त्री बेर्टा पापेनहाइम होय, हे जोन्स यांनी १९५३ मध्ये उघड केले. १८९९ मध्ये तिने मेरी वोल्स्टनक्राफ्टच्या स्त्रीहक्कविषयक इंग्रजी ग्रंथाचा अनुवाद प्रसिद्ध केला, तोही एकेकाळी गमावलेल्या जर्मनमध्ये. १९०४ मध्ये तिने जर्मनीत ज्यू स्त्रियांची संघटना स्थापिली. याचे श्रेय उपचाराला देण्यास पुरावा नाही. बोलण्याने वाचा मोकळी होत असेल. पण आत्मशोध म्हणावयाचा तर कथेतील ‘ती’चा ‘मी’ व्हावा लागतो. ब्रॉयर यांच्या वृत्तांतात तो होत नाही.