हाताची बेरीज

नागपूरच्या एम्प्रेस मिलने 1895 साली कामावर जखमी झालेल्यांना भरपाई द्यायला सुरुवात केली. देशात तसा कायदा व्हायला 1923 उजाडले. त्याला जोडलेले कोष्टक दुरुस्त होत होत आता 2020च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आले आहे. कोणता अवयव गेला म्हणजे कमावण्याची शक्ती किती टक्के गेली, एवढेच ते सांगते. आम्ही ते गणिताच्या तासाला वाचावे तसे वाचले.

अंगठा 30, तर्जनी 14, मधले बोट 12, अनामिका व करंगळी प्रत्येकी 7. या चार बोटांची बेरीज 40, पण चारही गेली तर कोष्टक 50 म्हणते. हे पटते. एक बोट गेले तर शेजारची बोटे त्याचे काम उचलतात. शेवटचे गेले की अंगठ्याला टेकायला कोणी उरत नाही. मग दोन बोटांना 20 कसे? तर्जनी आणि मधले यांचेच 26 होतात. अंगठ्याचे 30 आणि चार बोटांचे 50 मिळून 80, आणि अख्ख्या पंजाचे मात्र 60! मुलांपुढे हे जरूर ठेवा.

बेरजेपेक्षा मोठी चूक अशी, की कोष्टकाला माणसाचा धंदा दिसत नाही. डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या एका सुताराला 1975 साली सर्वोच्च न्यायालयाने 100 टक्के भरपाई मान्य केली. एका हाताने सुतारकाम होत नाही, हे साधे कारण. कोष्टक शंभर म्हणत नव्हते.

बरे होण्याच्या काळासाठी वेगळा नियम आहे: दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या 25 टक्के, म्हणजे अर्धा पगार. बोटाचे हाड काही आठवड्यांत जुळते. तुटलेली नस शिवली तरी दिवसाला साधारण 1 मिलिमीटरच वाढते. मनगट ते बोटाचे टोक 18 सेंटिमीटर धरले तर सहा महिने झाले! तोवर जखम भरलेली दिसते, पण बोटाला चटका कळत नाही, आणि कामगार तेच बोट घेऊन यंत्रावर परततो. कायमचे निकामी बोट गेल्यासारखेच धरावे, अशी टीप कोष्टकात आहे. अर्धवट बधिर बोटाला ओळ नाही. ते डॉक्टरांच्या अंदाजावर.

वर्गात एक प्रयोग करता येईल. अंगठा तळहाताला चिकटपट्टीने बांधून मुलांना शर्टाची बटणे लावायला सांगा, वेळ मोजा. मग फक्त करंगळी बांधा. फरक जवळजवळ जाणवणार नाही. त्यानंतर त्याच हाताने पाण्याने भरलेली बादली उचलायला लावा.