खर्जाची खरेदी

अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांतून वाद्यांची एक ठरलेली उतरंड असते. पेटी आणि तबला-डग्गा भारतातूनच गवसणीत बसून येतात. पियानो मुलीच्या सहाव्या-सातव्या वाढदिवसाच्या सुमारास येतो, व्हायोलिन शाळेच्या ऑर्केस्ट्रामुळे येते, आणि मुलगा तेरा-चौदा वर्षांचा झाला की थोड्या कुरकुरीनंतर गिटारही घरात शिरते. ह्या उतरंडीत बेस गिटारला पायरीच नाही. मुलाने ते मागितले की आपला पहिला प्रश्न हिशेबाचा असतो: "चारच तारा? त्यापेक्षा सहावालीच घे की!" दुसरा प्रश्न जरा खोल असतो, पण तो आपण तोंडाने विचारत नाही: ह्यात पुढे उभे राहायला कधी मिळणार?

मग दुकानाची वारी होते, आणि तिथे आपण एका वेगळ्याच भाषेच्या तावडीत सापडतो. 'व्हिंटेज', 'पंच', 'वॉर्म', 'बुटीक' असे शब्द अंगावर येतात. एक बेस, एक अँप्लिफायर आणि जमिनीवर पायाने दाबायच्या रंगीबेरंगी डब्या, म्हणजे इफेक्ट पेडल्स. प्रत्येक डबी आपण थोर वादकाच्या एक पाऊल जवळ नेऊ असे सांगते. माझे म्हणणे असे आहे की ह्या वाद्याची निवड कॅटलॉग वाचून होत नाही, ती ध्वनिमुद्रिका ऐकून होते. आणि नीट ऐकले तर कॅटलॉगमधले निम्मे विशेषण गळून पडतात.

वाद्याची कुळकथा थोडक्यात सांगतो. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस होता. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. १९५१ साली त्याने 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला. सपाट पडद्यांचे विजेवरचे बेस त्याच्याआधी सिएटलच्या पॉल टटमार्क यांनी १९३०च्या दशकात केले होते, पण ते चालले नाहीत. फेंडरचे चालले. त्याआधी वाद्यवृंदात खर्जाचे काम माणसाएवढ्या उंच डबल बेसकडे असे. तो मोटारीत मावत नसे आणि ड्रम्स वाजू लागले की ऐकूही येत नसे. फेंडरने तारेची लांबी ३४ इंचांवर आणली, वाद्य खांद्याला अडकवले आणि मानेवर पडदे बसवले. 'प्रिसिजन' हे नाव त्या पडद्यांमुळेच पडले. सतारीसारखेच: बोट थोडे मागेपुढे पडले तरी सूर पडद्याने ठरवलेलाच निघतो.

१९५७ साली त्याच्या पिकअपचे दोन तुकडे झाले, दोन तारांना एक आणि उरलेल्या दोघींना एक. दोन्ही वेटोळी एकमेकांच्या उलट जोडल्यामुळे विजेची घरघर तिथल्या तिथे विरते आणि तारांचा आवाज मात्र राहतो. ह्या वाद्यावर आवाजाची एक कळ आणि सुराच्या रंगाची एक कळ, एवढेच. मला हाच त्याचा मोठा गुण वाटतो. वाजवणाऱ्याला फिरवत बसायला फारसे काही उरत नाही, त्यामुळे तो वाजवतो. १९६०च्या 'जॅझ बेस'ची मान निमुळती आणि पिकअप दोन. घोडीजवळच्या पिकअपमध्ये मूळ स्वर कमी आणि वरचे उपस्वर जास्त येतात, म्हणून आवाज टोकदार होतो. दोन्ही पिकअप पूर्ण उघडले की मधल्या पट्ट्यातले काही स्वर एकमेकांना खातात. एकट्याने ऐकताना ते फार मोहक वाटते, पण आठ माणसांच्या मेळ्यात कधीकधी बेस मागे सरकतो. दुकानात माणूस एकटाच वाजवत असतो, आणि वाद्य फसवते ते नेमके तिथेच.

आता दोन वाद्ये शेजारीशेजारी ठेवून पाहू. दोन्ही फेंडरची, दोन्ही १९६२ सालची.

पहिले वाद्य जेम्स जॅमर्सन यांचा प्रिसिजन बेस. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या तळघरवजा स्टुडिओत त्यांनी साठीच्या दशकातली अगणित गाणी वाजवली. तारा गुळगुळीत पट्टीच्या, जाड आणि जुन्या. त्या तुटल्याशिवाय ते बदलत नसत. घोडीच्या झाकणाखाली स्पंजाचा तुकडा. उजव्या हाताची फक्त तर्जनी, जिला सगळे 'हुक' म्हणत. आणि स्टुडिओत वाद्य सरळ मिश्रणाच्या टेबलाला जोडलेले, मधे एकही डबी नाही. कॅटलॉगच्या दृष्टीने ही सगळी दारिद्र्याची लक्षणे. पण फोर टॉप्सचे १९६७चे 'बर्नाडेट' ऐका. गायकाच्या जोडीने खाली दुसरा गायक चालला आहे असे वाटते. त्यांच्या ओळी अतिशय गुंतागुंतीच्या असतात, समेच्या आधी उडी मारतात, आडवळणाने परत येतात. स्वर लांबत राहिले असते तर ह्या गुंत्याचा चिखल झाला असता. स्पंज आणि मेलेल्या तारा प्रत्येक स्वर लगेच मिटवतात, म्हणून तो गुंता वाचता येतो. साधनाची कमतरता आणि विचाराची श्रीमंती एकमेकांसाठीच घडल्यासारख्या आहेत.

दुसरे वाद्य जॅको पॅस्टोरियस यांचा जॅझ बेस. त्याचे पडदे काढलेले, आणि मानेवर होडीला लावतात तसल्या एपॉक्सीचा कडक थर, कारण त्यांच्या पिळाच्या खरबरीत तारा लाकूड खाऊन टाकत. त्यांचा पहिला एकल अल्बम १९७६ साली आला आणि 'वेदर रिपोर्ट'बरोबरचा 'हेवी वेदर' १९७७ साली. स्वर धरला की तो किंचित गुणगुणत, फुलत पुढे जातो. आपल्या कानांना हे ओळखीचे वाटायला हवे. तानपुऱ्याच्या रुंद घोडीवर तार हलकेच घासत राहते आणि तिच्यातून उपस्वरांची झळाळी निघते, तिला आपण जवारी म्हणतो. मिरजेचे कारागीर ती कानसेने आणि कानाने जुळवतात. पॅस्टोरियस यांच्या वाद्यावर तार पडद्याऐवजी त्या कडक थरावर घासते, आणि पाश्चात्त्य बेसला जवारी लागते. लिओ फेंडरने वाद्याला जो 'नेमकेपणा' दिला, तोच ह्या माणसाने काढून टाकला आणि सूर पुन्हा बोटाच्या व कानाच्या जबाबदारीवर सोपवला. फेंडरच्या वाद्यावरची इतकी नेमकी टीका कुठल्याही समीक्षकाने लिहिलेली मला माहीत नाही.

एकाच कारखान्यातून, एकाच साली निघालेली ही दोन वाद्ये. म्हणून "सूर बोटांत असतो, वाद्यात नव्हे" असे पुष्कळ लोक सांगतात, आणि ते ऐकायला छान वाटते. पण ते अर्धेच खरे आहे. जॅमर्सनांच्या हातात पॅस्टोरियसांचे वाद्य दिले असते तर 'बर्नाडेट' तसे वाजले नसते. साधनाने फरक पडतोच. पण तो कुठे पडतो ते पाहा: तारा कोणत्या, त्या किती जुन्या, मानेपासून किती उंच, कुठे दाबलेल्या, कुठे छेडलेल्या. ह्यातली बहुतेक कामे वीस-तीस डॉलरमध्ये होतात, म्हणून त्यांची जाहिरात कमी होते.

आता पेडल्सकडे येऊ. बेसच्या सर्वांत खालच्या तारेचा मूळ स्वर सुमारे ४१ हर्ट्झ. मोटारीतला किंवा टेबलावरचा छोटा स्पीकर इतक्या खाली उतरू शकत नाही. तरीही आपल्याला बेस ऐकू येतो, कारण वरचे उपस्वर ऐकून आपले कान खालचा स्वर मनातच भरून घेतात. ह्यातून एक व्यवहारी गोष्ट निघते: बेस ऐकू येत नसेल तर 'बेस'ची कळ वाढवून उपयोग होत नाही, नुसता स्पीकर थरथरतो. मधला पट्टा वाढवावा लागतो. आवाज किंचित फाडणारे 'ओव्हरड्राइव्ह' पेडल कामाला येते ते ह्याचमुळे. ते उपस्वर वाढवते. मात्र पुष्कळ पेडल्स फाडताफाडता तळच गमावतात, म्हणून मूळ स्वच्छ आवाज मिसळण्याची कळ असलेलेच घ्यावे. 'कॉम्प्रेसर' मोठा-लहान आवाज एका पातळीवर आणतो. नवशिक्याच्या पायाशी मी तो ठेवणार नाही, कारण बोटांनी जे समतोल शिकायचे ते तो झाकून ठेवतो.

ह्याउलट बूट्सी कॉलिन्स यांनी गाजवलेले 'म्यू-ट्रॉन'सारखे फिल्टर. तार जितक्या जोराने छेडावी तितके ते उघडते, म्हणजे बोटाच्या वजनाला उत्तर देते. मेटॅलिकाच्या क्लिफ बर्टन यांनी १९८३च्या पहिल्या अल्बममध्ये 'वा' पेडल आणि फाटका आवाज घेऊन अख्खी एक बेसची रचना वाजवली. पॅस्टोरियस रंगमंचावर डिले यंत्राने स्वतःचीच ओळ फिरती ठेवून तिच्यावर वाजवत. ही तिन्ही उदाहरणे पेडलच्या बाजूची आहेत. माझी कसोटी एवढीच: डबी बंद केल्यावर संगीतातला एखादा विचार नाहीसा होतो का? होत असेल तर ती वाद्याचा भाग आहे. नुसती चमक जात असेल तर पैसे वाचले.

ज्यांच्या घरी हा प्रश्न खरोखरच उभा आहे त्यांच्यासाठी चार शब्द. दोन-तीनशे डॉलरचे नवे किंवा चांगले जुने वाद्य सुरुवातीला पुरते. हात लहान असतील तर ३० इंची तारेचा बेस पाहा. त्याला कमीपणा मानू नका, बीटल्सच्या पॉल मॅकार्टनींचा व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर तेवढाच आहे. वाद्य घेतल्यावर जाणकाराकडून मानेचा बाक, तारांची उंची आणि घोडी जुळवून घ्या. इथल्या हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेने मान हलते, तबल्याची पुडी ताणली जाते तशीच, तेव्हा दर वर्षी पुन्हा दाखवा. अँप्लिफायरचे वॉट पाहून हुरळू नका. वॉट दुप्पट केले तर फक्त तीन डेसिबल मिळतात, आणि कानाला दुप्पट मोठे वाटायला सुमारे दहापट वॉट लागतात. पहिली डबी घ्यायचीच असेल तर ट्यूनर घ्या.

आता तो न विचारलेला प्रश्न. आपण इथे आलो ते परीक्षेत वर येऊन, आणि मुलांनाही आपण नकळत एकट्याने चमकण्याचेच शिक्षण देतो. पियानोचे रिसायटल, स्पेलिंगची स्पर्धा, भरतनाट्यमचे अरंगेत्रम. दिवा एकावरच पडतो. बेस मागणारा मुलगा दुसरेच काहीतरी मागत असतो. त्याला मेळ्याच्या मधे उभे राहायचे असते. ड्रमर कधी थबकतो, गायिका कधी श्वास घेते, हे ऐकत ऐकत सगळ्यांच्या पायाखालची जमीन धरून ठेवायची असते. डग्ग्यावर घिस्सा घेणाऱ्या हाताला आपण दाद देतो, तानपुऱ्याशिवाय मैफल सुरू करत नाही, आणि तरीही खर्ज धरण्याचे काम आपल्या मुलाने निवडले की आपल्याला चुटपुट लागते. आपल्या मंडळांच्या हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमांत तर बेस बहुधा कीबोर्डच्या डाव्या हाताला नाहीतर तयार ट्रॅकला देऊन टाकलेला असतो. सत्तरीतल्या राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांतला बेस काढून टाका आणि मग काय उरते ते ऐका.

मोटाउनच्या तबकड्यांवर जॅमर्सन यांचे नाव बरीच वर्षे छापलेच जात नसे. १९७१ साली मार्व्हिन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर ते आले. १९८३ साली ते वारले आणि त्याच सुमारास त्यांचा तो बेसही चोरीला गेला. नाव नव्हते तेव्हाही लाखो लोक त्यांच्याच तर्जनीवर नाचत होते. मुलाला दुकानात नेण्याआधी ती गाणी एकदा त्याच्याबरोबर बसून ऐका, आणि गायकाकडे लक्ष न देता खाली काय चालले आहे ते त्यालाच सांगायला लावा. त्याला सांगता आले, तर वाद्य कोणते घ्यायचे हे त्याला तुमच्यापेक्षा आणि दुकानदारापेक्षा जास्त कळू लागले आहे.