तीन दारांमागची चर्चा

ज्ञानकोशातला लेख वाचताना तो कसा तयार झाला हे वाचकाला कधी दिसत नाही. डॉ. केतकरांचा ज्ञानकोश असो किंवा वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेला मराठी विश्वकोश असो, नोंद कोणी तपासली, कोणता मजकूर वगळला गेला आणि त्यावर काय वाद झाले, हे सारे कचेरीतल्या फायलींत राहते. आपल्या हाती येतो तो छापलेला निष्कर्ष. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकाचेही तसेच आहे. १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या विकिपीडियाने या बाबतीत एक वेगळी गोष्ट केली. तेथे प्रत्येक लेखाला जोडून एक ‘चर्चा’ पान असते. लेखात काय असावे, काय नसावे, यावर स्वयंसेवक संपादक जे भांडतात ते सारे त्या पानावर जसेच्या तसे राहते. जुने झाले की ते संग्रहात जाते, पण कोणालाही उघडून वाचता येते.

विकिपीडियाचे लेख चांगले की वाईट, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांला येथे परीक्षण करायचे आहे ते लेखाचे नव्हे, तर अशा एका चर्चा पानाचे. इंग्रजी विकिपीडियातील ‘मॉन्टी हॉल प्रॉब्लेम’ या लेखाचे हे पान. अनेक वर्षे चाललेली ही चर्चा एखाद्या जाड ग्रंथाइतकी मोठी आहे. आम्ही ती सगळी वाचली असा दावा करीत नाही. परंतु जेवढी वाचली तेवढ्यावरून बोलण्यासारखे खूप आहे.

कोडे वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. तीन बंद दारे आहेत. एकामागे मोटार, उरलेल्या दोहोंमागे एकेक बोकड. आपण एक दार निवडायचे, समजा पहिले. सूत्रधाराला मोटार कोठे आहे ते माहीत असते. तो उरलेल्या दोन दारांपैकी बोकडाचे एक दार, समजा तिसरे, उघडून दाखवतो आणि विचारतो, ‘आता दार बदलायचे आहे का?’ बदलल्याने फायदा होतो का, हा प्रश्न. अमेरिकेत मॉन्टी हॉल नावाचे गृहस्थ दूरदर्शनवर असा एक खेळ चालवीत, त्यावरून हे नाव पडले. स्टीव्ह सेल्विन यांनी १९७५ मध्ये संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात ते मांडले. १९९० मध्ये मॅरिलिन वोस सावंत यांनी आपल्या साप्ताहिक सदरात ‘बदला, जिंकण्याची संभाव्यता २/३ होते’ असे उत्तर दिले, तेव्हा त्यांना सुमारे दहा हजार पत्रे आली. त्यांत डॉक्टरेट मिळवलेल्यांची जवळजवळ एक हजार होती आणि बहुतेकांचे म्हणणे बाईंचे चुकले असे होते. चुकले होते ते पत्रलेखकांचे.

आता आमची स्वतःची एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या ठिकाणी गणित-शिक्षकांच्या कार्यशाळेत आम्ही हे कोडे घातले होते. नेहमीचे सोपे स्पष्टीकरण दिले: तुमचे पहिले दार बरोबर असण्याची संभाव्यता १/३, म्हणून उरलेल्या दोहोंत मिळून २/३. त्यांतले एक दार सूत्रधाराने बाद केले, तेव्हा ते सगळे २/३ दुसऱ्या दाराकडे गेले. शिक्षकांनी माना डोलावल्या. मागच्या बाकावरच्या एका बाईंनी मात्र विचारले, ‘सर, पण त्या माणसाला तिसरंच दार उघडायची सवय असली तर? मग तिसरं उघडलेलं बघून आपल्याला काहीच कळलं नाही ना?’ आम्ही म्हणालो, ‘बाई, त्यानं काही फरक पडत नाही. दोन तृतीयांश ते दोन तृतीयांशच.’ बाई गप्प बसल्या आणि आम्ही पुढच्या कोड्याकडे वळलो. चहाच्या वेळी त्या भेटल्या तेव्हाही त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही, आणि आम्हीही काढला नाही.

फरक पडतो. किती, ते मोजून पाहू. असे ३०० डाव खेळले आणि दर वेळी आपण पहिलेच दार निवडले, असे धरा. मोटार प्रत्येक दारामागे साधारण १०० वेळा असेल. मोटार दुसऱ्यामागे असताना सूत्रधाराला तिसरे उघडावेच लागते: १०० वेळा. तिसऱ्यामागे असताना दुसरे उघडावे लागते: १०० वेळा. निवड करायची संधी त्याला फक्त मोटार पहिल्यामागे असताना मिळते. तेव्हा तो नाणे उडवून ठरवत असेल, तर ५० वेळा तिसरे आणि ५० वेळा दुसरे उघडेल. म्हणजे तिसरे दार एकूण १५० वेळा उघडले आणि त्यांतल्या १०० वेळा बदलणारा जिंकला. १५० पैकी १००, म्हणजे २/३. ठीक.

पण सूत्रधार आळशी आहे, शक्य असेल तेव्हा तो तिसरेच दार उघडतो, असे समजा. मग तिसरे दार २०० वेळा उघडेल, आणि त्यांतल्या १०० वेळाच बदलणारा जिंकेल. म्हणजे संभाव्यता निम्मी! उलट त्याने दुसरे दार उघडले की मोटार तिसऱ्यामागे आहे हे शंभर टक्के नक्की. सगळे ३०० डाव एकत्र धरले तर बदलणारा २०० वेळाच जिंकतो, तो २/३ कायम राहतो. परंतु समोर तिसरे दार उघडलेले पाहणाऱ्या खेळाडूसाठी उत्तर सूत्रधाराच्या सवयीवर अवलंबून आहे. बदलल्याने तोटा कधीच होत नाही, एवढे मात्र खरे. बाईंनी विचारले होते ते नेमके हेच. आम्ही ‘नेहमी बदलणाऱ्या’ माणसाचे उत्तर दिले होते. त्यांचा प्रश्न त्या क्षणी तेथे उभ्या असलेल्या माणसाचा होता. शास्त्रीय भाषेत तो सशर्त संभाव्यतेचा प्रश्न आहे.

हा फरक आम्हांला कोणत्या पाठ्यपुस्तकाने नव्हे, या चर्चा पानाने शिकवला. तेथे संपादकांचे दोन तट पडले होते. एकाचे म्हणणे, सामान्य वाचकाला सोपे स्पष्टीकरण पुरे, सूत्रधाराच्या सवयीविषयी कोड्यात काही सांगितलेले नाही, मग तो फाटा कशाला? दुसऱ्याचे म्हणणे, सोप्या स्पष्टीकरणाचे उत्तर बरोबर असले तरी ते विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नव्हे, त्याला सममितीची जोड द्यावी लागते. म्हणजे ‘सूत्रधार दोन बोकडांच्या दारांत भेदभाव करीत नाही, म्हणून दाराच्या क्रमांकाने काही नवे कळत नाही’ ही पायरी उघडपणे लिहावी लागते. ही एक ओळ आम्ही कार्यशाळेत गाळली होती. आणि ती गाळली आहे हे आम्हांला ठाऊकच नव्हते.

दोघेही आपापल्या परीने बरोबर असताना भांडण मिटावे कसे? येथे विकिपीडियाचा एक नियम आडवा येतो. तेथे संपादकाने स्वतःचे संशोधन मांडायचे नाही, प्रत्येक विधानाला प्रसिद्ध झालेला आधार द्यायचा. साधी आकडेमोड चालते, परंतु आकडेमोड कोठे संपते आणि संशोधन कोठे सुरू होते यावर एकमत होणे कठीण. १९९१ मध्ये मॉर्गन आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी एका संख्याशास्त्रीय नियतकालिकात सोप्या स्पष्टीकरणांवर कडक टीका केली होती. तो लेख एका तटाचा मोठा आधार. दुसऱ्या तटाकडे सोपे स्पष्टीकरण देणारी ढीगभर पुस्तके. मग वाद ‘सिद्धता बरोबर आहे का’ यावरून ‘कोणाचे आधार जास्त वजनदार’ यावर घसरतो. गणिताच्या माणसाला हे फार खटकते. प्रयोगशाळेत किंवा फळ्यासमोर आपण असे करीत नाही. फळ्यावरची सिद्धता तपासून प्रश्न संपवतो. परंतु जरा विचार केला तर नियमामागचे कारणही पटते. संपादक कोण आहे हे कोणालाच ठाऊक नसते. तो प्राध्यापक असेल, नववीतला मुलगा असेल, किंवा नवा सिद्धान्त शोधल्याचा भ्रम झालेला कोणी असेल. ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ हे वाक्य तेथे कोणालाच वापरता येत नाही. आम्हांला कार्यशाळेत ते वापरता आले, आणि त्याचा परिणाम वर सांगितलाच आहे.

या चर्चेतून पुढे जे घडले ते आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते. परस्परविरुद्ध बाजूंच्या दोन संपादकांनी तो १९९१ चा लेख ओळीओळीने तपासला. त्यात असे एक गणित होते: सूत्रधाराची सवय आपल्याला मुळीच माहीत नसेल, शून्यापासून एकपर्यंत काहीही असू शकेल, तर बदलण्याचा फायदा किती? लेखाचे उत्तर होते सुमारे ०.६९३. या दोघांना ते चूक वाटले, आणि त्यांनी २०१० मध्ये त्याच नियतकालिकाला पत्र लिहून ते छापून आणले. बरोबर उत्तर २/३ च.

ही चूक शिक्षकांच्या ओळखीची आहे. एका तुकडीत ८० मुले, ४० उत्तीर्ण, निकाल ५० टक्के. दुसरीत २० मुले, सगळी उत्तीर्ण, निकाल १०० टक्के. शाळेचा निकाल दोहोंची सरासरी काढून ७५ टक्के सांगितला तर शिक्षणाधिकारी हसतील, कारण १०० पैकी ६० मुलेच उत्तीर्ण आहेत. त्या लेखात जवळपास हेच झाले होते. ज्या सवयीमुळे तिसरे दार जास्त वेळा उघडले जाते तिला जास्त वजन द्यायला हवे होते. ते न देता नुसती सरासरी काढली गेली. परीक्षकांच्या नजरेखालून गेलेल्या आणि जवळजवळ वीस वर्षे उद्धृत होत राहिलेल्या लेखातली ही चूक ‘प्रसिद्ध आधाराशिवाय बोलू नका’ असे सांगणाऱ्या संकेतस्थळावरच्या हौशी भांडणातून बाहेर पडली. या पानाच्या बाजूने आमच्यापाशी याहून मोठा पुरावा नाही.

म्हणून हे पान आदर्श आहे असे मात्र कोणी समजू नये. वाचताना आम्ही अनेकदा कंटाळलो, काही ठिकाणी चिडलोही. तोच मुद्दा तीच माणसे दहा-दहा वेळा मांडतात. नवा कोणी साधा प्रश्न घेऊन आला की त्याला जुना संग्रह वाचून यायला सांगितले जाते, आणि तो पुन्हा फिरकत नाही. अशा वादात शेवटी टिकतो तो ज्याच्यापाशी वेळ जास्त तो, ज्याचे म्हणणे खरे तो असेलच असे नाही. प्रकरण अखेर २०११ मध्ये विकिपीडियाच्या लवाद समितीपुढे गेले. ही समिती लेखात काय लिहावे याचा निवाडा करीतच नाही, फक्त संपादकांच्या वागणुकीचा करते. म्हणजे बोकड-मोटारीच्या साध्या कोड्यावरून प्रौढ, शिकलेल्या माणसांच्या वागणुकीची चौकशी झाली! आज लेखात सोपी स्पष्टीकरणे आहेत, सशर्त संभाव्यतेचे गणित आहे आणि सोप्या स्पष्टीकरणांवरील टीकाही आहे. तहाचा मसुदा म्हणून तो चांगला आहे. नववीच्या मुलाने पहिल्यांदा वाचावा असा मात्र नाही. सर्वांचे समाधान करताना लेख लांबला, आणि सममितीची ती एक ओळ, जी आमच्या मते सगळ्या वादाची किल्ली आहे, ती गर्दीत हरवते.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तेथेही प्रत्येक लेखाला चर्चा पान आहे, आणि सर्वांच्या बोलण्यासाठी ‘चावडी’ असे सुंदर नाव दिलेले एक पान आहे. विज्ञान आणि गणितावरच्या लेखांची चर्चा पाने आम्ही कुतूहलाने उघडून पाहिली. आम्ही पाहिली त्यांतली बहुतेक रिकामी होती. लेखांत चुका नव्हत्या म्हणून नव्हे. वर्गात जसे ‘काही शंका?’ विचारल्यावर शांतता पसरते, तशी ती शांतता आहे, आणि ती कशी तयार होते हे वरच्या कार्यशाळेच्या हकिकतीवरून कळावे. इंग्रजी पानावरचा गोंगाट त्रासदायक खरा, परंतु तेथे मागच्या बाकावरच्या बाई गप्प बसल्या नसत्या, निदान त्यांचा प्रश्न पुसला तरी गेला नसता.

ज्यांना हे वर्गात करून पाहायचे असेल त्यांनी पत्त्यांतला एक एक्का आणि दोन दुऱ्या घ्याव्यात. एका विद्यार्थ्याला सूत्रधार करावे आणि त्याच्या कानात सांगावे, ‘जमेल तेव्हा उजवीकडचेच पान उलटायचे.’ खेळणाऱ्याने दर वेळी डावीकडचे पान निवडून मग बदलावे. फळ्यावर दोन रकाने आखावेत: उजवे पान उलटले तेव्हाचे डाव आणि मधले उलटले तेव्हाचे डाव. मधल्या रकान्यात बदलणारा एकदाही हरत नाही, हे एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या लक्षात येईलच. तो प्रश्न आला की सूत्रधाराच्या कानात काय सांगितले होते ते लगेच सांगू नये. आधी वर्गाला भांडू द्यावे, आणि कोण काय म्हणाले ते फळ्याच्या कडेला लिहून ठेवावे.