विमानाचा मळ

बेळगाव-निपाणी पट्ट्यात जुन्या लढाऊ विमानांची प्रमाणबद्ध मॉडेलं करणारी मंडळी मोजकीच आहेत, पण त्यांच्या जोडकामाला नाव ठेवायला जागा नाही. पंख आणि धड यांचा सांधा नखाला लागत नाही. पुट्टी घासून प्लास्टिकशी एकजीव झालेली असते, कॉकपिटच्या काचेवरची चौकट सरळ रेषेत उतरलेली असते. माझी तक्रार त्यानंतरच्या कामाबद्दल आहे. रंग वाळला की विमान वापरातलं दिसावं म्हणून त्यावर काजळी, धूळ, तेलाचे ओघळ, झिजलेला रंग दाखवतात, म्हणजेच वेदरिंग करतात. तिथं मात्र आपली कला उसनवारीवर चालली आहे.

ही उसनवारी कुठून आली ते स्पष्ट आहे. सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या शेपर्ड पेन यांनी आणि पुढं बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हर्लिंडेन यांनी मॉडेलला चकचकीत खेळण्यातून बाहेर काढलं. त्यांच्यानंतर स्पॅनिश कारागिरांनी छायाप्रकाशाचा एक जोरकस ढंग रूढ केला. पत्र्याच्या प्रत्येक तुकड्याची कड गडद, मधला भाग उजळ, जागोजागी रंगाचे टवके. एके इंटरॅक्टिव्ह आणि अम्मो या स्पॅनिश कंपन्यांनी त्यासाठी लागणारे तयार वॉश, भुकट्या आणि द्रावणं बाटल्यांत भरून जगभर पोचवली. या घराण्याबद्दल मला मनापासून आदर आहे, त्यातलं उत्तम काम डोळ्यांचं पारणं फेडतं. पण तो चित्रकाराचा प्रकाश आहे. तीच कृती ब्रह्मदेशातल्या स्पिटफायरवर आणि लिबियातल्या मेसरश्मिटवर सारखीच वापरली की दोन्ही विमानं एकाच गल्लीतून आल्यासारखी दिसतात.

शिवाय मापात पाप होतं. 1:72 या प्रमाणात सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. म्हणजे मॉडेलवर एक मिलिमीटरचा टवका काढला, तर खऱ्या विमानावर सव्वासात सेंटिमीटरचा, तळहाताएवढा रंग उडालेला असतो. असे वीस-पंचवीस टवके पंखाच्या पुढच्या कडेवर दिसले, तर त्या तळावरचे तंत्रज्ञ काय करत होते, असा प्रश्न पडायला हवा. पत्र्यांच्या जोडरेषांचंही तेच. अर्ध्या मिलिमीटरची काळी रेघ म्हणजे प्रत्यक्षात साडेतीन सेंटिमीटरची फट. एवढ्या फटी घेऊन कुठलंही विमान उडत नाही.

आता घरचं उदाहरण घेऊ. बेळगावजवळचा सांबऱ्याचा विमानतळ दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये बांधला गेला. 18 डिसेंबर 1961 रोजी, गोवामुक्तीच्या कारवाईत, सहा हॉकर हंटर विमानांनी बांबोळीच्या वायरलेस केंद्रावर रॉकेट्स आणि तोफांचा मारा केला. ती विमानं सांबऱ्याहून उडाली होती. त्याच दिवशी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकणारी कॅनबेरा पुण्याची होती. आपल्या मुलखाचा इतका थेट संबंध असलेलं दुसरं जेट शोधून सापडणार नाही. तरी इथल्या काचेच्या कपाटांत मस्टँग आहेत, झीरो आहेत, हंटर क्वचितच, आणि असलं तर ब्रिटिश हवाई दलाच्या खुणा लावलेलं.

कारण सरळ आहे. किट तिकडचं, खुणाही तिकडच्याच. एअरफिक्सनं 2018 मध्ये 1:48 प्रमाणात हंटर एफ-6 चं किट काढलं, आकाराला ते चोख आहे. पण भारतानं घेतलेलं हंटर होतं एफ-56. त्याला शेपटाशी ब्रेक पॅराशूट बसवलेलं होतं आणि तोफांच्या नळ्यांपुढचे झोत वळवणारे पत्रे काढलेले होते. म्हणजे जेटच्या नळकांड्यावरचा पॅराशूटचा फुगवटा स्वतः घडवावा लागतो आणि नाकाखालचे पत्रे कापून जागा घासून घ्यावी लागते. त्यात दोन-चार संध्याकाळी जातात. त्यानंतर खुणा: बाहेर केशरी, मध्ये पांढरं, गाभ्यात हिरवं. यातलं केशरी बरोबर जमवणं सगळ्यांत कठीण. ते नारंगीकडे झुकलं की सगळं विमान खोटं वाटू लागतं.

आणि मळ? हंटर भारतात आलं 1957 मध्ये. 1961 च्या डिसेंबरात ही विमानं जेमतेम चार वर्षांची होती, नीट राखलेली होती. त्यांच्यावर टवक्यांची रांगोळी घालायला काही आधार नाही. पण नाकाखाली 30 मिलिमीटरच्या चार एडन तोफा आहेत, त्या डागल्यावर नळ्यांच्या तोंडापासून मागं काजळी ओढली जाते. हा मळ खरा, आणि तो दाखवलाच पाहिजे. काळा रंग मात्र नको. तपकिरीकडे झुकणारा राखी, तोंडाशी दाट आणि मागं विरत जाणारा, वाऱ्याच्या दिशेनं. पंखाच्या मुळाशी तंत्रज्ञांच्या पायांनी रंग घासला गेलेला, पोटाखाली हायड्रॉलिक तेलाचे दोन-तीन पुसट ओघळ. वरची बाजू हिरवी-करडी असली तरी पोट रुपेरी होतं, त्यामुळं तिथं चांदी रंगाचे टवके काढणं हा शुद्ध भाबडेपणा. एवढ्यावर थांबायला धीर लागतो. आपल्याकडच्या कामात मला हा धीरच कमी दिसतो.

पुरावा कुठं पाहायचा? इथून सर्वांत जवळचं ठिकाण म्हणजे गोव्यात दाबोळीजवळ, बोगमाळोला 1998 पासून असलेलं नौदलाचं विमान संग्रहालय. सी हॉक, अलिझे, व्हॅम्पायर उघड्यावर उभी आहेत. तिथं मोजपट्टी आणि कॅमेरा घेऊन जावं. चाकांचे कप्पे, रिव्हेटच्या ओळी, दारांच्या बिजागऱ्या यांसाठी त्यासारखी शाळा नाही. पण रंगाचा धडा तिथून घेऊ नये. एका जागी वर्षानुवर्षं ऊन, पाऊस आणि खारा वारा सोसलेल्या विमानाचा रंग पिठूळ होतो, स्क्रूखालून गंजाचे ओघळ सरळ खाली उतरतात. उडणाऱ्या विमानाचे डाग हवेच्या झोतानं मागं जातात. खाली उतरणारे ओघळ आणि मागं ओढलेले डाग, हा फरक ज्याला दिसतो तोच वेदरिंग करू शकतो. विक्रांतवरच्या सी हॉकला 1971 मध्ये समुद्राचा खारटपणा नक्कीच बाधला असेल. सांबऱ्याच्या हंटरला तो लावू नये.

साहित्याची रड मला फारशी पटत नाही. ज्वालाग्राही रंग टपालानं मागवायला अडचणी येतात, हे खरं. पण जोडरेषांत भरायचा वॉश कॅम्लिनच्या तैलरंगांतून घरी होतो. बर्न्ट अंबर, किंचित काळा, भरपूर टर्पेंटाइन. खाली अ‍ॅक्रिलिकचा चकचकीत थर पूर्ण वाळलेला हवा, म्हणजे वरचं सगळं पुसून घेता येतं. खरी अडचण पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर बेळगावच्या हवेत लॅकर फवारला की द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि पारदर्शक थर दुधाळ होतो. पावसाचे महिने पुट्टी आणि घासकामाला द्यावेत, फवारणी दिवाळीनंतर करावी.

दिवाळीवरून आठवलं. या भागातली पोरं अंगणात मातीचे किल्ले करतात, तेव्हा रायगडाच्या कड्याचा उतार कुठल्या बाजूला किती, यावर तावातावानं भांडतात. माती कुठली घ्यायची हेही त्यांना ठाऊक असतं. बेळगावच्या पश्चिमेला जांभ्याची तांबडी, निपाणीकडं तंबाखू पिकवणारी काळी. आपली मोठी माणसं मात्र विमानाखाली युरोपातलं हिरवं गवत अंथरतात. डिसेंबरातलं इथलं गवत वाळून पिवळं पडलेलं असतं. खऱ्या जागेची माती वस्त्रगाळ करून पातळ फेव्हिकोलवर भुरभुरली, तर विकतच्या कुठल्याही भुकटीपेक्षा ती चाकांवर अधिक शोभेल.

बांबोळीवर गेलेल्या त्या सहा विमानांपैकी एखादं हुबेहूब करायचं तर त्या दिवसांतले फोटो लागतील. सैन्यात आणि हवाई दलात गेलेली माणसं या पट्ट्यात घराघरांत आहेत, सांबऱ्याला तर वायुसैनिकांची प्रशिक्षण संस्थाच आहे. निवृत्त काकांच्या, आजोबांच्या अल्बममध्ये विमानाला टेकून काढलेले फोटो असतात. घरच्यांना त्यात माणूस दिसतो, आपण मागचा पंख पाहावा. त्यांची परवानगी घेऊन ते फोटो आत्ताच स्कॅन करून ठेवायला हवेत, आणि मागची बाजूही, कारण तारीख आणि तळाचं नाव लिहिलेलं असेल तर ते तिथंच.